वरच्या लेआउटचं पाणी, खालची वस्ती आणि मधलं कोरडं तळं

हे प्रकरण खरं आहे पण गाव, बिल्डर, रहिवासी कुणाचीच ओळख दिलेली नाही, जागेचे काही तपशीलही मुद्दाम मोघम ठेवलेत. आकडे मात्र हिशोबातले आहेत आणि तुम्ही स्वतः वही-पेन घेऊन पडताळू शकता. मी यात तांत्रिक सल्ला देणाऱ्या टीमचा भाग होतो. हे लिहायचं कारण एकच: पूर अडवायला तळं खणायचं म्हटलं की सगळी चर्चा "किती मोठं" यावर होते, आणि "रिकामं किती वेळात होणार, आणि ते रिकामं ठेवायचं कुणी" हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. इथे तो विचारावा लागला.

पार्श्वभूमी

उतारावरची साधारण १२ हेक्टर जमीन, आधी गवत आणि झुडपं, मधेमधे नैसर्गिक खोलगट जागा जिथे पावसात पाणी साचायचं आणि हळूहळू मुरायचं. खाली एक ओढा, ओढ्यावर रस्त्याची मोरी (रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची वाट), आणि मोरीच्या अलीकडे सखल भागात जुनी वस्ती. ओढा पुढे जाऊन मोठ्या नदीला मिळतो.

या १२ हेक्टरवर लेआउट पडला. रस्ते झाले, प्लॉट सपाट झाले, खोलगट जागा भराव टाकून बुजवल्या आणि रस्त्याकडेने पावसाळी गटारं टाकून सगळं पाणी एका मोठ्या पाईपने सरळ ओढ्यात सोडलं. ड्रॉइंगवर बघितलं तर काम नीटनेटकं होतं, लेआउटच्या आत कुठेही पाणी तुंबत नव्हतं. पण लेआउटच्या हद्दीबाहेर काय होणार हा विचार ड्रॉइंगवर नव्हता, कारण ड्रॉइंगच हद्दीपाशी संपत होतं.

सुरुवातीची दोन वर्षं काही झालं नाही कारण घरं कमी होती, बरेच प्लॉट मोकळे होते. मग बांधकामं वाढली, छपरं, पार्किंग, फरशा आल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात एका जोरदार सरीत खालच्या वस्तीतल्या घरांत गुडघ्याच्या वर पाणी शिरलं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिला वाद कारणावरच झाला. लेआउटवाल्यांचं म्हणणं की पाऊसच जास्त झाला, आम्ही काय करणार. वस्तीतल्यांचं म्हणणं की याहून मोठे पाऊस बघितलेत, घरात पाणी कधी आलं नव्हतं. दोघंही मनापासून बोलत होते आणि नुसत्या बोलण्यातून काही निष्पन्न होणार नव्हतं.

इथे वस्तीतल्या एका काकूंचा फोन कामाला आला. त्यांनी दाराच्या उंबऱ्यावरून पाण्याचे छोटे छोटे व्हिडिओ काढले होते, भीतीपोटी, नातेवाइकांना पाठवायला. त्या व्हिडिओंवरची वेळ आणि जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद शेजारी शेजारी ठेवली तेव्हा चित्र स्पष्ट झालं: पावसाचा जोर वाढल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोरीपाशी पाणी तुंबलं, आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात उतरलंसुद्धा. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "साहेब, आधी पाऊस थांबायचा, आम्ही चहा घ्यायचो, आणि मग ओढा भरायचा. आता पाऊस चालू असतानाच ओढा दारात येतो."

हे वाक्य मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडलं. नदीचा पूर असता तर पाणी उशिरा चढलं असतं आणि बराच वेळ राहिलं असतं. लवकर चढणं आणि लवकर उतरणं ही जवळच्या, छोट्या पाणलोटाची खूण आहे. शिवाय पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींत याच्यापेक्षा जोरदार सरी सापडल्या ज्यांच्यात वस्तीत पाणी आलं नव्हतं. म्हणजे पाऊस बदलला नव्हता, जमीन बदलली होती.

आता साधा हिशोब. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १० हजार लिटर पाणी. १२ हेक्टरवर तासाभरात ६० मिलिमीटर पडला तर ७,२०० घनमीटर. गवताळ जमिनीवर त्यातलं ३० टक्के वाहून जाईल असं धरलं तर २,१६० घनमीटर, आणि रस्ते-छपरं झाल्यावर ७० टक्के धरलं तर ५,०४० घनमीटर. प्रवाहाच्या भाषेत, आधी सेकंदाला साधारण ६०० लिटर, नंतर १,४०० लिटर. पावसाचा जोर, क्षेत्रफळ आणि वाहून जाणारा वाटा यांचा गुणाकार, ही जुनी रॅशनल मेथड आहे, १९व्या शतकापासून वापरात आहे, खडबडीत आहे पण छोट्या पाणलोटासाठी अंदाज चांगला देते. आणि हा फक्त प्रमाणाचा फरक झाला, वेग वेगळाच. गवतातून रेंगाळत येणारं पाणी आता गुळगुळीत पाईपमधून धावत येत होतं, त्यामुळे सगळीकडचं पाणी मोरीपाशी एकाच वेळी पोचत होतं.

कोणते पर्याय समोर होते

मोरी रुंद करा ही पहिली मागणी, वस्तीतूनच आलेली, आणि समजण्यासारखी, कारण डोळ्यांना मोरीच तुंबलेली दिसते. पण मोरी मोठी केली की तेच पाणी त्याच वेगाने पुढच्या वळणावर, पुढच्या लोकांच्या दारात जातं. आणि नदी चढलेली असताना मोरी कितीही रुंद असली तरी पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. हा पर्याय आम्ही लवकर बाजूला ठेवला.

ओढ्याकाठी भिंत बांधायची हा दुसरा. भिंत ओढ्याला बाहेर ठेवते पण वस्तीत पडणाऱ्या पावसालाही आत अडवून ठेवते, मग पंप आले, वीज आली, आणि ऐन पावसात वीज जाते. नको.

तिसरा पर्याय सगळ्यांना आवडणारा होता: पाणी जमिनीत मुरवा. प्रत्येक प्लॉटला शोषखड्डा, रस्त्याकडेने मुरवणाऱ्या चऱ्या. तत्त्व म्हणून मी याच्या पूर्ण बाजूने आहे. पण इथे चाचणीचे खड्डे घेऊन पाणी भरलं तर खालच्या अर्ध्या भागात तासाभरात पाण्याची पातळी जेमतेम काही मिलिमीटर उतरली. निव्वळ चिकणमाती, वर पावसाळ्यात भूजल जमिनीच्या जवळ येतं. तासाला ६० मिलिमीटर पडणाऱ्या पावसासमोर तासाला काही मिलिमीटर मुरणारी जमीन काय करणार? वरच्या भागात माती बरी होती, तिथे हा उपाय चालण्यासारखा होता, पण तोही अर्धामुर्धा, कारण प्लॉट सपाट करताना रोलर फिरून माती दाबली गेली होती आणि दाबलेली माती पाणी घेत नाही.

चौथा पर्याय कायम पाणी असलेलं तळं. लेआउटमधल्या लोकांना हे हवं होतं, कडेने चालायला वाट, बसायला बाक. अशा तळ्याचे फायदे खरे आहेत, पाण्यातली माती आणि तेलकट घाण खाली बसते, पक्षी येतात. पण पूर अडवायच्या दृष्टीने भरलेलं पाणी मोजायचंच नाही, त्याच्या वर जी मोकळी जागा उरते तेवढीच कामाची. आपल्याकडे जागा होती एकच, खालच्या टोकाची ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, खेळाच्या मैदानासाठी राखलेली. त्यात कायमचं पाणीही ठेवायचं आणि पुराचंही सामावायचं हे बसत नव्हतं.

मग उरलं कोरडं तळं, डिटेंशन बेसिन. एरवी मैदान, पावसात काही तासांपुरतं तळं. इथे लोकांचा पहिला प्रश्न होता की मुलांचं मैदान घेताय का. तेव्हा रॉटरडॅममधल्या बेंथेमप्लेन चौकाचं उदाहरण दाखवलं, २०१३ साली झालेला, तिथे पावसाचं पाणी साठवायला तीन खोलगट भाग आहेत आणि कोरड्या दिवशी त्यातल्या सगळ्यात खोल भागात पोरं खेळतात. फोटो बघितल्यावर बैठकीतला सूर बदलला.

निर्णयाची पहिली जागा: किती सोडायचं

वस्तीतल्या लोकांचं साहजिक म्हणणं होतं की पाणी अडवा आणि सोडूच नका. हे समजावून सांगायला बराच वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा होता. बेसिन म्हणजे तळाशी भोक असलेली बादली. वरून नळ जोरात सोडला तरी खालून धार ठरलेलीच पडते, जास्तीचं पाणी बादलीत थांबतं. भोक बुजवलं तर पहिल्या सरीत बादली भरते आणि दुसऱ्या सरीचं सगळं पाणी वरून सांडतं. पाऊस एकटा येत नाही, लागोपाठ येतो, त्यामुळे पुढच्या सरीआधी तळं रिकामं असणं हीच खरी साठवण.

म्हणून सोडायचा प्रवाह ठरवला आधीच्या गवताळ जमिनीइतका, सेकंदाला ६०० लिटरपर्यंत. साठवण साधारण ३,५०० घनमीटर लागेल असं निघालं, गाळासाठी जागा धरून ४,००० केली. दीड मीटर खोली धरली तर सरासरी पाऊण एकरापेक्षा थोडी कमी जागा, बाजूचे उतार धरून मैदानात बसणारी.

पण एकच मोठं भोक ठेवलं तर वेगळी अडचण येते आणि ती बऱ्याच ठिकाणी राहून जाते. मोठ्या पावसाला बेतलेल्या भोकातून छोट्या सरीचं पाणी न थांबता निघून जातं, जणू बेसिन नाहीच. आणि ओढ्याचे काठ खचवतात त्या वारंवार येणाऱ्या मध्यम सरीच. म्हणून आउटलेटला, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या जागेला, दोन टप्पे दिले: तळाला २० सेंटिमीटरचं छोटं भोक आणि वर ठराविक उंचीवर मोठी खिडकी. तळाचं भोक १० सेंटिमीटर करावं म्हणजे पाणी दिवसभर थांबेल आणि गाळ चांगला बसेल असाही आग्रह होता. त्यात तथ्य होतं, पण १० सेंटिमीटरचं भोक एका पिशवीने बंद होतं. २० वर थांबलो, त्यात खालचा थर पाच-सहा तासांत उतरतो.

किती मोठ्या पावसासाठी बेतायचं हाही वाद झाला. "१० वर्षांतून एकदा" येणारा पाऊस ऐकला की माणसाला वाटतं आता १० वर्षं निश्चिंत. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी १० टक्के शक्यता, आणि ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या आसपास. १०० वर्षांवाला पाऊसही ३० वर्षांत येण्याची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक. साठवण १० वर्षांवाल्यासाठी धरली आणि सांडवा (तळं भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट) १०० वर्षांवाल्यासाठी, कारण साठवण कमी पडली तर पाणी सांडतं पण सांडवा कमी पडला तर तळ्याचा बांध फुटतो.

निर्णयाची दुसरी जागा: वेळ जुळते का

हा मुद्दा एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी काढला आणि त्यांचं श्रेय त्यांना. पाणी थांबवून उशिरा सोडल्यावर ते नेमकं नदीचा पूर चढत असताना पोचलं तर? काही ठिकाणी खालच्या बाजूची बेसिन्स अशीच पूर कमी करण्याऐवजी वाढवतात, कारण आधी निघून गेलं असतं ते पाणी मोठ्या प्रवाहाच्या माथ्यावर जाऊन बसतं. इथे नदीचं पाणलोट खूप मोठं असल्याने ती बरीच उशिरा चढते. बेसिन त्याआधी रिकामं होतंय हे तपासलं, आणि पाणी फार काळ न अडवण्याला आणखी एक कारण मिळालं.

प्रत्यक्षात काय केलं

वरच्या भागात जिथे माती पाणी घेत होती तिथे रस्त्याकडेच्या पट्ट्या खोदून मोकळ्या केल्या आणि छपरांचं पाणी गटाराऐवजी तिकडे वळवलं. खाली बेसिन खणलं. पाणी आत येतं त्या तोंडाशी वेगळा गाळ-खड्डा केला, तळ काँक्रीटचा, म्हणजे लोडर आत उतरून गाळ काढू शकतो, आणि त्याला उतरायला रॅम्प. हा रॅम्प सुरुवातीला बजेटमधून कापला जात होता, आम्ही अडून बसलो. गाडी पोचत नाही तिथला गाळ कुणी काढत नाही.

बांधाचा भराव थर देऊन, प्रत्येक थर दाबून घेतला, आणि बांधावर झाडं लावायची नाहीत हे लेखी घेतलं, फक्त गवत. झाड मेल्यावर मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. सांडव्याची सगळ्यात स्वस्त जागा बांधाच्या मधोमध होती, पण तिथून सांडलेलं पाणी सरळ काकूंच्या गल्लीत गेलं असतं, म्हणून तो बाजूला, पक्क्या जमिनीत नेला आणि तिथून ओढ्यापर्यंत दगडी पिचिंगची, म्हणजे दगड बसवून पक्की केलेली, चारी दिली.

मुलं खेळणारी जागा असल्याने सुरक्षिततेवर सगळ्यात जास्त वेळ दिला. बाजूचे उतार १ला ४ (१ मीटर उंचीला ४ मीटर आडवं अंतर), म्हणजे कुणीही चालत बाहेर येऊ शकेल. आउटलेटच्या तोंडाशी पाणी ओढ घेतं आणि ती ओढ वरून दिसत नाही, मूल जाळीला चिकटू शकतं. म्हणून जाळी तिरपी आणि मोठी, म्हणजे तिच्यातून पाणी सावकाश जातं, कमी ओढतं. पातळी दाखवणारा रंगवलेला खांब आणि "पाणी असताना आत उतरू नका" असा फलक.

काय निष्पन्न झालं

पहिल्या पावसाळ्यात एका मध्यम सरीनंतर तळं तीन दिवस भरलेलंच राहिलं. तळाच्या भोकासमोरच्या जाळीवर कापलेलं गवत आणि बांधकामावरचा प्लॅस्टिकचा कागद असा बसला होता की पाणी झिरपतही नव्हतं. मैदानातलं गवत कापून तिथेच टाकलेलं, पहिल्या पाण्याबरोबर ते जाळीवर गेलं. पुढची सर आली तेव्हा बेसिनमध्ये जागा नव्हती, सांडवा वाहिला. सांडवा बाजूला नेला होता म्हणून घरं वाचली. पण वस्तीतले लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. साचलेल्या पाण्यात डास होतील ही भीतीही खरी होती, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे तीन दिवसांच्या पुढे पाणी थांबणं परवडत नाही.

मुळाशी गेल्यावर कळलं की बेसिन कागदोपत्री रहिवासी संघाकडे सोपवलं गेलं होतं, पण संघातल्या कुणालाच जाळी साफ करायची असते हे माहीत नव्हतं. त्यांना मैदान मिळालं असंच वाटत होतं. मग तीन गोष्टी बदलल्या: खालच्या भोकालाही मोठा, तिरपा पिंजरा बसवला, तळाला कचरा अडला तरी वरून पाणी जाईल असा, गवत कापलं की उचलायचं हे ठरलं, आणि जाळी बघायची जबाबदारी लेआउटमधल्या एका आणि वस्तीतल्या एका माणसावर मिळून दिली. शेवटची गोष्ट वस्तीतूनच सुचवली गेली. ज्याच्या घरात पाणी शिरतं तो जाळी विसरत नाही.

पुढच्या पावसाळ्यात घरांत पाणी आणणाऱ्या त्या सरीच्या तोडीचा पाऊस झाला. बेसिन वरच्या खिडकीच्याही वर भरलं, मोरी काठोकाठ वाहिली पण तुंबली नाही, आणि संध्याकाळपर्यंत मैदानात नुसता चिखल उरला होता. त्याच मोसमात नदीला मोठा पूर आला तेव्हा मात्र सगळ्यात खालच्या घरांच्या अंगणात पाणी आलंच, नदीचा फुगवटा ओढ्यातून मागे आला. त्यावर हे बेसिन काही करू शकत नाही आणि हे आम्ही पहिल्या बैठकीत सांगितलं होतं, तरी त्या दिवशी लोकांना ते पुन्हा सांगणं जड गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं पाईप टाकायच्या आधी व्हायला हवं होतं. लेआउटमधल्या ज्या खोलगट जागा बुजवल्या, त्या तशाच राखून मधे तीन-चार छोटी बेसिन्स केली असती तर खाली एवढं एक मोठं खणावं लागलं नसतं, आणि एकाची जाळी तुंबली तरी बाकीची चालू राहिली असती.

दुसरं, बांधकाम चालू असताना उघड्या मातीचं पाणी बेसिनमध्ये येऊ द्यायला नको होतं. इथे पहिल्या मोसमातच गाळ-खड्डा भरत आला. प्लॉटधारकांनी वाळू-मातीचे ढीग रस्त्याकडेला उघडे ठेवायचे नाहीत ही अट बांधकाम परवानगीतच टाकता आली असती. आता ती समजावून सांगून पाळून घ्यावी लागते आणि निम्मे लोकच ऐकतात.

तिसरं, देखभालीचा खर्च आणि माणूस बेसिन खणायच्या आधी ठरवायला हवा, हस्तांतरणाच्या दिवशी कागद देऊन भागत नाही. आउटलेटपाशी दोन्हीकडच्या लोकांना उभं करून, जाळी हातात देऊन दाखवायला हवी होती, ते आम्ही नंतर केलं.

आणि मोजमाप. पातळीच्या खांबावर रंगाचे पट्टे होते पण पहिल्या मोसमात कुणी आकडे लिहून ठेवले नाहीत. आता सर आली की त्या खांबाचा फोटो ग्रुपवर येतो, वेळेसकट, बहुतेक वेळा काकूंचाच पहिला असतो. त्या फोटोंवरून दिसतंय की खालचा थर हिशोबापेक्षा सावकाश उतरतो, बहुधा भोकामागच्या पाईपात गाळ बसतोय. पाऊस उघडला की पाईप उघडून बघायचं ठरलंय, आणि गाळ निघाला तर भोकासमोर छोटा खोल खळगा करायचा, म्हणजे तो पाईपात शिरायच्या आधी तिथे बसेल.